भविष्याचे ताट, कृष्णाकाठची पंगत

तासगाव भागात ऑक्टोबर छाटणी होऊन वेलींवर घड दिसू लागले की बागायतदारांच्या तोंडी एकच शब्द असतो : जीए. जिबरेलिक ॲसिडचे हे रोजच्या वापरातले नाव. द्रावणाचे भांडे हातात धरून मजूर बायका मांडवाखाली उभ्या राहतात आणि एकेक घड त्यात बुडवून काढतात. थॉम्पसन जातीच्या द्राक्षात बी नसते. मणी फुगवणारे संप्रेरक बीमधून मिळायचे, आणि बीच नसल्यामुळे मणी बारीक राहतो. ती उणीव हे द्रावण भरून काढते.

या संप्रेरकाचा शोध लागला तो भाताच्या एका रोगामुळे. जपानमध्ये काही रोपे अचानक भराभर उंच व्हायची आणि दाणा न धरताच कोलमडायची. १९२६ मध्ये कुरोसावा या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की एका बुरशीतून झिरपणारे द्रव्य रोपांना असे ताणते. त्याच्या बावीस वर्षे आधी, १९०४ मध्ये, एच. जी. वेल्स यांची ‘द फूड ऑफ द गॉड्स’ ही कादंबरी आली होती. तिच्यातले दोन शास्त्रज्ञ वाढ थांबूच न देणारे अन्न तयार करतात. प्रयोग कोंबड्यांवर सुरू होतो, राखणदारांच्या हलगर्जीपणामुळे अन्न बाहेर सांडते आणि गांधीलमाश्या, उंदीर, रानातले गवत राक्षसी आकाराचे होते. पुढे ते अन्न माणसांच्या मुलांपर्यंत पोचते. वेल्स यांना जिबरेलिन ठाऊक असणे शक्यच नव्हते. पण वाढ हातात आली की तिला आवर कोण घालणार, हा त्यांचा प्रश्न आज तासगावच्या मांडवाखालीही उभा आहे.

अन्नावरच्या विज्ञानकथा वाचकाला का धरून ठेवतात, याचे उत्तर मला इथे सापडते. अंतराळयान आपण पाहिलेले नसते. ताट मात्र प्रत्येकाने पाहिलेले असते, आणि रिकामे ताटही पुष्कळांनी पाहिलेले असते. लेखकाने ताटातला एक पदार्थ बदलला की त्यामागचे रान, पाणी, मजुरी, बाजार, जात आणि सत्ता हे सगळे बदलावे लागते. भविष्याची खरी परीक्षा जेवणाच्या वेळी होते.

विश्वाच्या टोकाचे उपाहारगृह

या प्रकारातले सर्वांत गाजलेले उपाहारगृह डग्लस ॲडम्स यांनी १९८० मध्ये उघडले. ‘द रेस्टॉरंट ॲट द एंड ऑफ द युनिव्हर्स’ या कादंबरीत गिऱ्हाइके कालप्रवास करून विश्वाचा अंत बघत जेवतात. आपल्या काळात बँकेत एक पेनी ठेवायची. युगे लोटल्यावर चक्रवाढ व्याजाने तिच्यातून बिल भागते. तिथे एक जनावर टेबलापाशी येऊन आपल्याच अंगाचा कोणता भाग चांगला लागेल ते गिऱ्हाइकाला सांगते. वाचक हसतो, पण खाणारा आणि खाल्ला जाणारा यांच्यातले नाते यापुढे त्याला डोळ्यांआड करता येत नाही.

१९५३ मध्ये पोल आणि कॉर्नब्लथ यांच्या ‘द स्पेस मर्चंट्स’ या कादंबरीत कोंबडीच्या मांसाचा एक अवाढव्य जिवंत गोळा वाढत राहतो आणि कामगार त्याचे काप काढून लोकांना पुरवतात. साठ वर्षांनी, २०१३ मध्ये, पेशींपासून वाढवलेल्या गोमांसाचा बर्गर लंडनमध्ये जाहीरपणे खाल्ला गेला, आणि २०२० मध्ये सिंगापूरने अशा कोंबडीच्या विक्रीला परवानगी दिली. त्या गोळ्याचा मालक कोण, काप काढणाऱ्याला मजुरी किती, हे कादंबरीने विचारलेले प्रश्न मात्र अजून शिल्लक आहेत.

मिलो आणि हिरवी वडी

एप्रिल १९७३ मध्ये अमेरिकेत ‘सॉयलेंट ग्रीन’ हा चित्रपट आला. हॅरी हॅरिसन यांच्या १९६६ सालच्या कादंबरीवर तो बेतलेला होता. त्यातल्या २०२२ सालच्या न्यूयॉर्कमध्ये माणसे दाटीवाटीने राहतात, भाजीपाला आणि मांस श्रीमंतांपुरते उरले आहे, बाकीच्यांना कारखान्यात तयार झालेल्या वड्या वाटल्या जातात.

नेमक्या त्याच महिन्यांत माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांतली माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. १९७२ च्या पावसाने दगा दिला होता. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी दळून भाकरी थापाव्या लागत होत्या आणि कामावर सुकडी वाटली जात होती. शाळू खाऊन वाढलेल्या माणसाला त्या मिलोची चव आणि रंग आयुष्यभर विसरता आला नाही. न्यूयॉर्कच्या प्रेक्षकासाठी पन्नास वर्षे पुढची असलेली भीती माणदेशात त्या दिवसाची न्याहारी होती.

याच माणदेशातल्या माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर. त्यांच्या ‘बनगरवाडी’च्या शेवटी दुष्काळ गाव रिकामे करतो. ती कादंबरी वास्तववादी आहे. पण पाणी संपले की माणसांच्या वस्तीचे काय होते, हे एखाद्या विज्ञानकथाकाराला शिकायचे असेल, तर तिच्याइतका चांगला धडा मला दुसरा माहीत नाही. आज कराडजवळ टेंभूला कृष्णेचे पाणी उचलून टप्प्याटप्प्याने आटपाडीकडे नेले जाते. नदी डोंगर चढेल असे १९७२ मध्ये खडी फोडणाऱ्या माणसाला कोणी सांगितले असते, तर त्याने ती कल्पितकथाच मानली असती.

एका पंगतीचे भविष्य

विज्ञानकथेतले उपाहारगृह अनोळखी माणसांना, कधी परग्रहवासीयांनाही, एकाच छताखाली बसवते. कोण कोणाशेजारी बसून जेवू शकतो, हा त्यातला कळीचा प्रश्न. साताऱ्याने या प्रश्नाचे उत्तर प्रत्यक्षात देऊन दाखवले आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. सगळ्या जातिधर्मांची मुले तिथे एकत्र राहत, एकत्र रांधत आणि एका पंगतीत जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले गेले. कोठीतले धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही विकले.

पाणवठे वेगळे, चहाचे कप वेगळे, असा तो काळ. त्या काळात ही पंगत भविष्यातून उतरल्यासारखीच होती. तिला कोणतेही यंत्र लागले नाही. म्हणून मी म्हणतो, भविष्यकथेत तंत्र जितके महत्त्वाचे, तितकीच पंगतही महत्त्वाची.

फलटणची चूल

तंत्राचाही वारसा या भागाकडे आहे. १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीने लोखंडी नांगर घडवले आणि १९२० पासून मासिकही चालवले. शेतीचे यंत्र आणि छापील विचार एकाच वसाहतीतून बाहेर पडत होते.

सातारा जिल्ह्यातल्या फलटणला बी. व्ही. निंबकरांनी १९६८ मध्ये निंबकर कृषी संशोधन संस्था उभारली. तिथे ‘मधुरा’ नावाची गोड ज्वारी विकसित झाली. कणसातून धान्य, ताटाच्या रसातून इथेनॉल आणि उरलेला चोथा जनावरांना चारा, असे एकाच पिकातून तिहेरी उत्पन्न. त्या इथेनॉलवर चालणारे कंदील आणि स्टोव्हही संस्थेने तयार केले. अमेरिकेत सौरऊर्जेचा अभ्यास करून १९८१ मध्ये फलटणला आलेले अनिल राजवंशी या कामाच्या केंद्रस्थानी राहिले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. घरोघरच्या धुरकट चुलीला पर्याय म्हणून खेड्यांत स्वस्त आणि पौष्टिक जेवण देणारी उपाहारगृहे निघावीत, ही कल्पनाही त्यांनी लेखांतून मांडली. एका संशोधकाने चुलीचा प्रश्न सोडवताना उपाहारगृहापर्यंत पोचावे, ही मला या विषयातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

बिनधुराच्या स्वयंपाकघराचे स्वप्न त्याहून जुने आहे. बेगम रुकय्या यांच्या १९०५ सालच्या ‘सुलतानाज ड्रीम’मध्ये स्त्रिया सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक करतात, तिथे ना कोळसा, ना धूर. त्याच्याही मागे वनपर्वातली द्रौपदीची थाळी आहे. ती सूर्यानेच दिलेली, आणि द्रौपदी जेवेपर्यंत न संपणारी. सगळ्यांना वाढून झाल्यावर ती जेवायची, आणि मगच थाळी रिती व्हायची. शेवटी कोण जेवते, हे त्या कथेने नेमके टिपले आहे. आजच्या विज्ञानकथेनेही ते टिपायला हवे.

आता लिहायचे ते

मराठी विज्ञानकथेचा पाया पक्का आहे. मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये स्थापन झाली. तिच्या १९७४ च्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि बक्षीस मिळवले. त्यानंतर दोन पिढ्यांचे वाचक त्यांच्यासोबत आकाशाकडे बघायला शिकले. २०२५ मध्ये नारळीकर गेले. त्याच वर्षी अंतराळवीर शुभांशु शुक्ला गाजराचा हलवा आणि आमरस घेऊन अंतराळ स्थानकावर पोचले. आकाश आणि ताट यांची अशी भेट आता होऊन गेली आहे.

आपल्याकडे सामग्रीची वाण नाही. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत वर्षानुवर्षे टिकवली जात असे. पेव उघडल्यावर आतली कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत माणूस खाली उतरत नसे. २००५ च्या महापुराने त्यांतली कितीतरी पेवे निकामी केली. एका कादंबरीला पुरून उरेल इतका ऐवज त्या एका घटनेत आहे.

सातारा-सांगलीकडच्या लिहित्या मुलामुलींना म्हणूनच माझी विनंती आहे. पुढच्या शतकातली खानावळ लिहायची असेल, तर आधी घरातल्या थोरल्यांना विचारा, बहात्तर साली ताटात काय होते. ते नीट लिहून घ्या. मग २०७२ सालचे ताट मांडा : शाळू कुठल्या पाण्यावर आला, भाकरी कोणी थापली, आणि शेवटी कोण जेवले, एवढे त्यात असू द्या.