जूनची शाळा, जूनची विहीर

नकाशा पाहून कर्जत आणि खालापूर तालुक्यांना कोणी कोरडे म्हणणार नाही. राजमाचीच्या बाजूने उतरणारी उल्हास कर्जतमधून वाहते, पाताळगंगा खोपोलीवरून खालापुरात येते. घाटमाथ्यावरच्या धरणांचे पाणी १९१५ पासून टाटांच्या खोपोली वीजगृहातून पाताळगंगेला मिळते. १९२२ पासून भिवपुरीच्या वीजगृहातून सुटलेले पाणी पेज नदीला बारमाही ठेवते, आणि त्याच पाण्यावर, राजनाल्याच्या काठाने, भर उन्हाळ्यात भात पिकतो. चौकजवळचे मोरबे धरण खालापूर तालुक्यात आहे; त्याचे पाणी नवी मुंबई पिते. एवढे सगळे असूनही एप्रिल-मे महिन्यांत डोंगरउतारावरच्या ठाकर-कातकरी वाड्यांतल्या बायका ओढ्याच्या पात्रात खणलेल्या डवऱ्यातून वाटीवाटीने हंडा भरतात. खाली काळा कातळ, वर थोडी माती आणि मुरूम. पावसाचे पाणी साठवायला जमिनीत जागाच थोडी आहे.

टंचाईबद्दल पुष्कळ लिहिले जाते. टंचाई संपते त्या पंधरवड्याबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही, आणि पाण्यातून होणाऱ्या आजारांचा मोठा धोका त्याच पंधरवड्यात असतो. मे महिन्यात विहीर तळाला गेलेली असते. शेतात राब भाजलेला असतो, खत-शेण पसरलेले असते, ओढ्याकाठी आणि झाडीत उघड्यावर बसणाऱ्यांची घाण वाळून पडलेली असते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला जोराचा पाऊस येतो आणि हे सगळे उचलून उतारावरून खाली आणतो. खोल मातीच्या प्रदेशात पाणी हळूहळू मुरते, गाळले जाते. आपल्याकडे ते मुरमातून आणि कातळाच्या भेगांतून न गाळता विहिरीत उतरते. चार दिवसांत विहीर अर्धी भरते. गाव खूश असते, आणि जुलाबाची पहिली लाट तेव्हाच सुरू झालेली असते.

शाळाही जूनच्या मध्यालाच उघडते. हा योगायोग कामाला लावण्याजोगा आहे. राज्य मंडळाच्या नववी-दहावीच्या मुलांना जलसुरक्षा हा विषयच आहे, आणि त्याचे पहिले प्रात्यक्षिक वर्षाच्या पहिल्या आठवड्यात, गावच्या विहिरीवर झाले पाहिजे. ते कसे करायचे, प्रत्येक पायरीला पाण्यात नेमके काय घडत असते आणि कोणत्या तपासणीवर किती विसंबायचे, ते सावकाश पाहू.

सुरुवात डोळ्यांनी करायची. विहिरीभोवती फिरून मुलांनी बघायचे: कठडा आहे का, त्याला चिरा आहेत का? विहिरीभोवतीचे सिमेंटचे जोते बाहेरच्या बाजूला उतरते आहे की सांडलेले पाणी परत विहिरीकडेच जाते? कपडे-भांडी कुठे धुतात, गुरे कुठे उभी राहतात, शोषखड्डा किंवा संडासाचा खड्डा किती लांब आणि उताराच्या कोणत्या बाजूला? खड्डा निदान १५ मीटर लांब हवा असे पुस्तके सांगतात. मातीत तेवढे पुरते. भेगाळलेल्या कातळात पाणी आपली वाट शोधत त्याहून लांब जाऊ शकते, म्हणून आपल्याकडे अंतराइतकीच उताराची दिशा पाहायची. नळयोजना असेल तर उंच टाकीचे झाकण, शिडी आणि गटारातून गेलेली जलवाहिनी पाहायची. नळाला पाणी ठरावीक वेळच येत असेल, तर उरलेला वेळ नळी रिकामी असते आणि एखाद्या फुटक्या जागेतून बाहेरचा गढूळ चिखल आत ओढला जातो. पाणी सुटल्यावर पहिली घागर घरात कोणाच्या वाट्याला येते, हा प्रश्न त्यामुळे महत्त्वाचा ठरतो.

आरोग्य खाते हेच काम स्वच्छता सर्वेक्षण म्हणून वर्षातून दोनदा करते, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, आणि जोखमीनुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देते. आपल्या ग्रामपंचायतीला कोणते कार्ड मिळाले आणि कशामुळे, हे मुलांनी जाऊन विचारावे. दोन सर्वेक्षणांच्या मध्ये अख्खा पावसाळा जातो. शाळेची पाहणी नेमकी त्या मोकळ्या जागेत बसते.

दुसरी पायरी गढूळपणाची. पारदर्शक बाटलीत पाणी घेऊन तिच्यामागे वर्तमानपत्र धरले की अक्षरे वाचता येतात की नाही एवढे कळते. भारतीय मानकानुसार (आयएस १०५००, २०१२ ची आवृत्ती) पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा १ एनटीयूच्या आत असावा आणि दुसरा स्रोत नसेल तर ५ पर्यंत चालेल. डोळ्याला ५ एनटीयूचे पाणी जवळपास स्वच्छच दिसते, म्हणून बाटलीतून अक्षरे पुसट दिसली तर मर्यादा कधीच ओलांडली असे धरावे. गढूळपणा स्वतः फारसा आजार देत नाही. मातीच्या कणांना चिकटलेले जंतू क्लोरिनपासून बचावतात आणि माती स्वतः क्लोरिन खाते, ही त्याची खरी अडचण. म्हणून आधी पाणी निवळायचे, तुरटी फिरवून बसू द्यायचे, वरचे नितळ पाणी काढायचे आणि मग त्यात क्लोरिन. हा क्रम उलटला तर पावडर वाया जाते.

आता टीसीएल. ब्लीचिंग पावडरचे हे गावातले नाव. ती विहिरीत टाकण्याचे काम जलसुरक्षकाचे. गावोगाव हा माणूस अल्प मानधनावर काम करतो, आणि पावसाळ्यात अख्ख्या गावाचे आरोग्य त्याच्या अंदाजावर उभे असते. हा अंदाज गणितात बसवणे सातवी-आठवीच्या वर्गाला सहज जमते. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजायचा, दोरीला दगड बांधून पाण्याची खोली मोजायची. व्यासाचा वर्ग गुणिले खोली गुणिले ०.७८५, म्हणजे घनमीटर. त्याला हजाराने गुणले की लिटर. व्यास ३ मीटर आणि मे महिन्यात पाणी २ मीटर असेल तर सुमारे १४ हजार लिटर. तीच विहीर जुलैत ५ मीटर भरली की ३५ हजार लिटरच्या वर. चांगल्या प्रतीची पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम हे वैद्यकीय पाठ्यपुस्तकातले मूळ प्रमाण. म्हणजे मे महिन्यात ३५ ग्रॅम, जुलैत ८८. वर्षभर त्याच मापाने पावडर पडत असेल तर ऐन पावसात ती निम्म्याहून कमी पडते.

त्यात आणखी दोन गोष्टी. ताज्या पावडरीत वापरता येणारा क्लोरिन सुमारे ३३ टक्के असतो; पोते उघडे राहिले आणि कोकणातली दमट हवा लागली की तो भराभर उतरतो. निम्मा उतरला तर पावडर दुप्पट लागते. दुसरे म्हणजे अडीच ग्रॅम हे बऱ्यापैकी स्वच्छ पाण्याचे माप आहे. जूनच्या पाण्यातली माती, कुजका पाला, शेण हे सगळे आधी आपला वाटा घेतात आणि उरलेलाच क्लोरिन जंतूंच्या वाट्याला येतो. म्हणून मोठ्या साथीच्या दिवसांत किंवा गढूळ पाण्यात प्रमाण वाढवावे लागते आणि किती वाढवायचे ते तपासणी सांगते, अंदाज नाही.

पावडर सरळ विहिरीत फेकणे चुकीचे आहे. बादलीत थोड्या पाण्यात तिची लापशी करायची, पाणी वाढवून ढवळायचे आणि दहा मिनिटे बसू द्यायचे. खाली चुना बसतो, तो बाहेर टाकायचा. वरचे नितळ द्रावण दुसऱ्या बादलीतून विहिरीत सोडून बादली वरखाली हलवायची. मग निदान एक तास पाणी भरायचे नाही. रात्री केले तर उत्तम, सकाळी पाणी तयार असते. मुलांनी मापे घ्यावीत आणि गणित करावे, पावडरला हात जलसुरक्षकानेच लावावा. तिची धूळ डोळ्यांना आणि छातीला त्रास देते.

तासाभरानंतरची तपासणी म्हणजे ओटी. काचेच्या नळीत पाणी घेऊन ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे. क्लोरिन शिल्लक असेल तर पाणी पिवळे होते आणि लगेच, काही सेकंदांत, रंगपट्टीशी जुळवून आकडा वाचायचा. विहिरीत तासानंतर ०.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर हवा, आणि नळाशी भारतीय मानकानुसार निदान ०.२. ओटीचे द्रावण विषारी आहे. थेंब शिक्षकांनी टाकावेत आणि तपासलेले पाणी कोणी पिऊ नये. काही नव्या संचांत त्याऐवजी गुलाबी रंग देणारी डीपीडीची गोळी असते, ती शाळेसाठी अधिक बरी. एक गैरसमज इथेच दूर करावा: ओटी जंतू दाखवत नाही. पाण्यात पहारेकरी शिल्लक आहे का, एवढेच ती सांगते. मुलांना याची खात्री पटवायची तर एकाच कळशीतले पाणी सकाळी, दुपारी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तपासायला लावावे. आकडा उतरत जातो. काल भरलेल्या पाण्यात आज पहारा नसतो.

जंतूंसाठी वेगळी तपासणी आहे, आणि ती भारतात घडली याचा मुलांना अभिमान वाटावा. १९८२ मध्ये मांजा, मौर्य आणि राव या शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेबाहेर करता येईल अशी पद्धत जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत मांडली. लहान बाटलीत पोषक द्रव्यात भिजवून वाळवलेला कागद असतो. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरायचे, झाकण लावायचे आणि उबेत ठेवायचे. माणसाच्या व जनावरांच्या आतड्यातून आलेले अनेक जीवाणू त्या द्रव्यावर वाढून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. तो कागदातल्या लोहक्षाराशी मिळाला की काळा लोह सल्फाइड बनतो. २४ ते ४८ तासांत पाणी काळे पडले की विष्ठेचा अंश पोचल्याची दाट शंका घ्यायची. कर्जतच्या जूनमध्ये खोलीचे तापमानच पुरेसे उबदार असते, यंत्र लागत नाही. ग्रामपंचायतींना दिलेल्या तपासणी संचांत अशा बाटल्या असतात. त्या कपाटात पडून मुदत संपू देण्यापेक्षा शाळेच्या हाती द्याव्यात.

या तपासणीचीही मर्यादा सांगितली पाहिजे. काही जमिनीखालच्या पाण्यात विष्ठेशी संबंध नसलेले जीवाणूही तोच वायू करतात. उलट, बाटली काळी झाली नाही म्हणजे पाणी निर्धोक असा दाखला मिळत नाही. काळी बाटली ही प्रयोगशाळेत नमुना पाठवण्याची सूचना समजावी. मानक सांगते की १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय अजिबात सापडता कामा नये, आणि तो निकाल प्रयोगशाळाच देते. नमुना निर्जंतुक बाटलीत, तोंडाला बोट न लावता घ्यायचा, थंड पेटीत ठेवायचा आणि त्याच दिवशी पोचवायचा. वापरलेल्या काळ्या बाटल्यांत जंतूंची दाट पैदास असते. जंतुनाशक ओतून, तासभर ठेवून, शिक्षकांनीच त्या टाकाव्यात.

या बाटल्या तीन ठिकाणी भराव्यात: विहिरीवर, नळाच्या किंवा टाकीच्या तोंडाशी आणि घरातल्या माठातून. ही माझ्या मते साऱ्या प्रात्यक्षिकातली सर्वांत शिकवणारी पायरी आहे. विहीर काळी आणि नळ स्वच्छ, तर क्लोरिन काम करतो आहे. विहीर-नळ स्वच्छ आणि माठ काळा, तर दोष घरात आहे: माठात पेला बुडवणारा हात, उघडे तोंड, न घासलेली हंड्याची आतली बाजू. लांब दांड्याचे ओगराळे आणि झाकण एवढ्याने हा दोष पुष्कळ कमी होतो. सरकारी नमुना घेणारा घराच्या माठापर्यंत क्वचितच पोचतो. मूल तिथे रोज असते.

माठावर फडके बांधून पाणी गाळण्याच्या जुन्या सवयीला कमी लेखू नये. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरताना पसरणारा नारू भारतातून संपला, त्यात पाणी गाळण्याचा मोठा वाटा होता. २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे जाहीर केले. बांगलादेशात जुनी सुती साडी अनेक घड्या घालून पाणी गाळल्यावर कॉलराचे रुग्ण जवळपास निम्म्यावर आले, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. कॉलराचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म जीवांना चिकटलेले असतात आणि ते जीव कापडात अडकतात. पण सुटे जीवाणू आणि काविळीचे विषाणू कापडातून आरपार जातात. गाळल्यावर उकळणे किंवा क्लोरिन हवाच. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरते. पारदर्शक बाटली सहा तास उन्हात ठेवण्याची पद्धतही खरी आहे, पण कर्जतच्या जुलैत ऊन कुठले? तिथे क्लोरिनची गोळी कामाची.

रसायनांबद्दल थोडक्यात. संचातून सामू, क्षारता, नायट्रेट कळते. नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर गेले तर खत किंवा संडासाचे पाणी झिरपते आहे असे समजावे. कारखान्यांच्या पट्ट्यात, खोपोलीपासून पाताळगंगेच्या काठाने, रंग, वास किंवा मेलेले मासे दिसले तर शाळेचा संच तिथे पुरत नाही. तारीख, वेळ आणि छायाचित्रासह महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करावी.

निकाल वहीत राहिले तर सगळी मेहनत फुकट. विहिरीचे नाव, तारीख, गढूळपणा, क्लोरिनचा आकडा, बाटलीचा रंग एवढे एका पानावर लिहून ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे आणि एक प्रत आरोग्य उपकेंद्रात द्यावी. पाणी खराब निघालेल्या घराचे नाव फलकावर लिहू नये, घरी जाऊन सांगावे. कर्जत-खालापुरातल्या शिक्षकांना विनंती एवढीच आहे: यंदा शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात वर्ग विहिरीवर न्या, आणि सप्टेंबरपर्यंत दर पंधरा दिवसांनी न्या.