चुकलेल्या उत्तराचं पुढे काय होतं?

शाळेसाठी टॅबलेट घ्यायचे ठरले की चौकशी होते ती किमतीची, बॅटरीची आणि सगळा अभ्यासक्रम त्यात आहे की नाही याची. मूल शिकतं कसं, याबद्दल ते बनवणाऱ्यांनी काय गृहीत धरलंय, हे सहसा कुणी विचारत नाही. खरं तर शिकवणाऱ्या प्रत्येक यंत्राच्या पोटात शिकण्याचा एखादा सिद्धांत असतोच. तो ओळखायचा असेल, तर मुद्दाम चुकीचं उत्तर देऊन बघावं. त्या चुकीचं यंत्र काय करतं, यात सगळं आलं.

१९२०च्या दशकात अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी यांनी चार कळांचं एक यंत्र बनवलं. बरोबर कळ दाबेपर्यंत ते पुढचा प्रश्न दाखवतच नसे. १९५३मध्ये मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसले. सगळी मुलं एकाच वेगाने हाकली जातात आणि उत्तर बरोबर की चूक हे त्यांना लगेच कळत नाही, हे त्यांना खटकलं. त्यांची तक्रार रास्त होती. त्यांच्या यंत्रात मूल कागदी पट्टीवर उत्तर लिही, दांडा सरकवी, की लिहिलेलं उत्तर काचेखाली जाई आणि शेजारी खरं उत्तर दिसे. बी.एड.ला शिकवतात ते अभिक्रमित अध्ययन याच परंपरेतलं. या वर्तनवादी विचारात योग्य प्रतिसादाला लगेच शाबासकी मिळाली की तो पक्का होतो. चूक मात्र शक्यतो घडूच नये, म्हणून टप्पे अगदी लहान ठेवायचे. आजच्या ॲपमधले तारे, गुण आणि सलग दिवसांची मालिका हे याच विचाराचे वंशज.

या विचारात काय निसटतं, ते १९७३मध्ये गणितशिक्षणाचे संशोधक स्टॅन्ली अर्लवँगर यांनी दाखवलं. त्यांनी बेनी या बारा वर्षांच्या मुलाच्या मुलाखती घेतल्या. यंत्र नव्हतं, पण पुस्तिकांमधून ज्याच्या त्याच्या गतीने शिकण्याची, उत्तरपत्रिकेशी ताडून पुढे जाण्याची पद्धत त्याच धाटणीची होती. बेनी भराभर पुढे गेला होता, हुशार गणला जात होता. पण ५/१० म्हणजे १.५ असं तो सांगे: पाच आणि दहा मिळून पंधरा, मध्ये टिंब. त्याच न्यायाने ४००/४०० म्हणजे ८.००. ०.३ आणि ०.४ यांची बेरीज तो ०.०७ करी. तरीही इतक्या घटकांत तो उत्तीर्ण झाला कसा? उत्तरपत्रिकेशी जुळेल ते उत्तर शोधायला तो शिकला होता. गणिताचे नियम कुणीतरी ठरवलेले असतात आणि उत्तर जुळवणं म्हणजेच गणित, अशी त्याची समजूत झाली होती. हा दोष बेनीचा नाही. पद्धत उत्तर तपासत होती. त्यामागचा विचार तपासायची सोयच तिच्यात नव्हती.

गणितज्ञ सेमूर पेपर्ट यांनी उलटी वाट धरली. जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्याबरोबर काम केल्यावर त्यांनी १९६७मध्ये सहकाऱ्यांसह मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा घडवली. तीत मूल पडद्यावरच्या कासवाला आज्ञा देतं. समजा समभुज त्रिकोण हवाय. मुलाला ६० अंश पाठ असतात, म्हणून ते तीनदा 'पुढे जा, ६० अंश वळ' असं सांगतं. त्रिकोण बनत नाही, अर्ध्या षटकोनाची उघडी रेघ उमटते. लाल फुली कुठेच येत नाही. कासव कुठे गेलं एवढंच दिसतं. आपण जिथे वळतो तो कोन बाहेरचा, म्हणजे १२० अंशांचा, हे मुलाला स्वतःच शोधावं लागतं. इथे चूक हाच अभ्यासाचा विषय होतो. मूल आपलं ज्ञान स्वतःच रचतं, या विचाराला आपल्याकडे शिक्षक ज्ञानरचनावाद म्हणतात; तो इथे यंत्रात उतरलेला दिसतो. यावर आक्षेप आहेत आणि ते वजनदार आहेत. लोगो शिकल्याने मुलांची एकूण नियोजनक्षमता वाढते, हा दावा रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांच्या १९८४च्या अभ्यासात टिकला नाही. पेपर्टच्या विचारातून स्फुरलेल्या 'प्रत्येक मुलाला लॅपटॉप' या मोहिमेत पेरू देशाने आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले; २०१२च्या मूल्यमापनात गणित आणि भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. चुकीतून शिकायला ती चूक कुणाबरोबर तरी उलगडावी लागते, आणि साधन वाटताना नेमकं ते माणूस गृहीत धरलं गेलं.

मग स्किनरच्या यंत्रातला सराव टाकाऊ का? मुळीच नाही. पाढे पक्के नसतील तर भागाकार अडतोच. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा स्वतःला आठवायला लावलं की जास्त काळ लक्षात राहतं, हे रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६मध्ये दाखवलं. प्रश्न सरावाचा नाही, तो कशाचा करून घेतला जातो याचा आहे. दिल्लीत माइंडस्पार्क या शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या केंद्रांचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१९मध्ये प्रसिद्ध झाले. या केंद्रांत सोडतीने निवडलेल्या मुलांची गणितातली आणि हिंदीतली प्रगती साडेचार महिन्यांत इतरांपेक्षा लक्षणीय जास्त होती. सहावीची मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. या सॉफ्टवेअरने त्यांना सहावीचा धडा दिला नाही. आधी ती कुठे आहेत आणि कशा प्रकारे चुकतात हे पाहून तिथून सुरुवात केली. शिवाय दीड तासातला अर्धा वेळ एक शिक्षक-सहायक लहान गटाला शिकवत असे. श्रेय नेमकं कुणाचं किती, हे त्या अभ्यासातून वेगळं काढता येत नाही; माझा भर दोघांच्या जोडीवर आहे.

स्किनरचा वारसा टिकला याचं एक कारण साधं आहे: बरोबर-चूक मोजणं स्वस्त पडतं आणि आकडा अहवालात शोभतो. विचारातली चूक ओळखायची तर मुलं कुठे, कशी घसरतात हे माहीत असलेला शिक्षक सॉफ्टवेअर बनतानाच सोबत लागतो. त्याला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. म्हणून खरेदीआधी शाळेने विक्रेत्याकडून शिक्षकाला दिसणारा अहवाल मागून घ्यावा. त्यात 'अपूर्णांक ८० टक्के' एवढंच असेल तर ते पुरेसं नाही. वर्गातल्या कोणत्या मुलांनी अंश आणि छेद यांची सरळ बेरीज केली, हे त्यात दिसलं पाहिजे.