दुखणं थांबतं तेव्हा

बँकेत उभी हयात काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. तक्रार करणारं खातं बरं, गप्प बसलेलं वाईट. मी शाखाधिकारी असताना एक छोटा कारखानदार दर महिन्याला मुदतवाढ मागायला येई. मला त्याचा कंटाळा आला होता. मग तो यायचाच थांबला. सुटलो, असं मला वाटलं. तीन महिन्यांनी तपासणीला गेलो, तर शटर बंद आणि गोदाम रिकामं!

हा धडा नोकरीत शिकलो खरा, पण गेल्या पावसाळ्यात तो आठवला नाही. खालची उजवी दाढ ठणकू लागली. चहाचा गरम घोट घेतला की कळ थेट कानापर्यंत जाई. आडवं झालं की ठणका वाढे, म्हणून तीन रात्री आरामखुर्चीत काढल्या. लवंग चावली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून गोळ्या आणल्या. चौथ्या दिवशी सकाळी दाढ एकदम गप्प. "बघ, लवंगेचा गुण!" मी बायकोला म्हटलं. ती काही बोलली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं माझे असे बरेच विजय पाहिले आहेत.

दिवाळीच्या सुमारास हिरडीवर पुटकुळी आली. दुखत नव्हती, मधूनच तोंड कडवट होई इतकंच. दाताच्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी दाढेला गार बोळा लावला. मला काहीच जाणवलं नाही. मी खूश झालो, त्या झाल्या नाहीत. एक्स-रेमधली मुळाच्या टोकाशी असलेली काळी सावली दाखवत त्या म्हणाल्या, "काका, दुखणं थांबलं ते दाढ बरी झाली म्हणून नव्हे, आतली नस मेली म्हणून."

दाताच्या पोटात मऊ गर असतो, त्यात नसा आणि रक्तवाहिन्या. कीड तिथवर पोचली की गर सुजतो, पण भोवतीच्या कठीण भिंतींमुळे सूज पसरायला जागा नसते. तो ठणका त्याचा. गर मेला की कळ थांबते, जंतू थांबत नाहीत. ते मुळाच्या टोकातून हाडात उतरतात. मेलेल्या गरात रक्त जात नाही, म्हणून गोळीतलं औषधही जात नाही. गोळ्यांनी सूज ओसरली, तरी घाण जागच्या जागी राहते. क्वचित ही सूज जबड्याखाली उतरते. ताप येतो, गिळायला, श्वास घ्यायला त्रास होतो. तेव्हा मात्र तास न दवडता इस्पितळ गाठावं लागतं.

"मग काढूनच टाका. साठी उलटली आता," मी म्हटलं. माझ्या वडिलांचे दात तालुक्याच्या गावी असेच एकेक करून गेले. तेव्हा तिथं दुसरा उपाय कुणी सांगितलाच नाही. पन्नाशीनंतर ते भाकरी दुधात कुस्करून खात. हुरड्याच्या दिवसांत आमच्या ओंजळींकडे नुसते पाहत बसत. बाई म्हणाल्या, "काढता येईल. पण शेजारची दाढ त्या खड्ड्याकडे कलते, वरची खाली उतरते. वाचण्यासारखी आहे, वाचवू या."

तीन खेपा झाल्या. भूल देताना सुई टोचली तेवढंच दुखलं. दाढेभोवती रबराचा पातळ पडदा ताणून त्यांनी वरून भोक पाडलं आणि केसासारख्या बारीक कानशींनी मुळांतल्या तिन्ही नळ्या साफ केल्या. मग जंतुनाशकानं धुऊन त्यात गटापर्चा भरला. हा एका झाडाचा चीक. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालच्या तारायंत्राच्या तारांना याचंच वेष्टण असे. शेवटी वर टोपी बसवली, कारण पोखरलेली दाढ चावताना फुटू शकते. दाढ काढण्यापेक्षा खर्च कितीतरी जास्त आला. पावसाळ्यातच गेलो असतो, तर दुखणं हाडापर्यंत गेलं नसतं.

यंदाच्या थंडीत पुतण्याच्या शेतावर हुरडा खाल्ला. उजव्या बाजूनं, सावकाश. वडिलांची आठवण आली.

सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढायचा आहे. ती सावली कमी झाली का, ते पाहायला. दाढ आता अजिबात दुखत नाही. पण तेवढ्यावर विश्वास ठेवायचं मी सोडून दिलं आहे.