'सिकलवाली' हे कुणाचे नाव नाही

वाशीम, कारंजा, मंगरूळपीरकडच्या वस्त्यांत आरोग्यावर बोलायला बसलो की एक शब्द हमखास कानावर येतो : 'सिकलवाली'. मधुमेह झाला तर आपण 'शुगर झाली' म्हणतो, माणसाचे नाव कायम राहते. सिकलसेल असलेल्या पोरीचे मात्र नावच बदलते. आजार रक्तात आहे; मग ती पोर कुठे गेली?

तथागतांनी सारनाथला पाच भिक्खूंना दुसरा उपदेश केला तो याच प्रश्नावर. शरीर हाच 'मी' असता, तर 'शरीरा, असा हो' म्हटल्यावर त्याने ऐकले असते. ते ऐकत नाही. ज्याच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रात्रभर हाडे ठणकतात, त्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

पण 'शरीर म्हणजे मी नव्हे' याचा अर्थ 'दुखतेय तर सोस' असा लावणारेही आहेत, आणि सोसायला बहुतेकदा बाईच पुढे केली जाते. हे आम्हाला मान्य नाही. वेदना हा पाच स्कंधांपैकी एक आहे, ती खरीच असते. देहाला छळण्याचा मार्ग तर सिद्धार्थ गौतमाने स्वतः चालून पाहिला आणि सोडून दिला.

आपल्या पणजोबांच्या अंगावर समाजाने विटाळाचा शिक्का मारला होता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या तळ्याचे पाणी पिऊन तो झुगारला. आता सोयरिकीच्या बैठकीत आपणच पोरीवर नवा शिक्का मारायचा?

हिशेब समजून घ्या. वाहकाला (एएस) सहसा त्रास नसतो. त्याचा जोडीदार निरोगी (एए) असेल तर सिकलसेलचे रुग्ण बाळ (एसएस) जन्मत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात ती शक्यता २५ टक्के. म्हणून तपासणी नवरदेवाचीही हवी. बहुतेक घरांत त्याला कुणी विचारतच नाही. बोटातल्या रक्ताच्या थेंबावर पहिली चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर वाहक की रुग्ण, हे पुढच्या तपासणीत कळते.

रुग्णाने उन्हात काम करताना पाणी कमी पडू देऊ नये. डॉक्टरांनी दिलेली हायड्रॉक्सीयुरियाची गोळी बरे वाटले म्हणून बंद करू नये. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे, तेव्हा प्रमाणपत्राची चौकशी जिल्हा रुग्णालयात करा. आणि ताप चढला, छातीत दुखू लागले किंवा धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच दवाखान्यात न्या.