काल आलेलं गिऱ्हाईक काय म्हणालं?

शनिवारी सकाळी मुंबईहून कसारा घाट चढून आलेली गाडी पाथर्डी फाट्याशी पोचते, तोवर आतलं कुणीतरी फोनवर ‘चांगली मिसळ’ शोधायला लागलेलं असतं. नाशिककराला हे शोधावं लागत नाही. त्याचं ठिकाण ठरलेलं असतं, तर्री किती घ्यायची तेही ठरलेलं असतं. बाहेरून आलेल्याला मात्र गंगापूर रोड कुठे आणि सातपूर कुठे, हेच माहीत नसतं. त्याच्या फोनवर नकाशा उघडतो, नकाशाखाली तीन नावं येतात आणि पुष्कळदा त्या तिघांतूनच एक ठरतं. चौथ्या नावाची मिसळ कदाचित सगळ्यांत चांगली असेल, पण तिथवर बोट पोचतच नाही.

हीच गोष्ट सिडकोतल्या दुचाकी गॅरेजची, कॉलेज रोडवरच्या दंतवैद्याची, पंचवटीतल्या लॉजची आणि येवल्यातल्या पैठणीच्या दुकानाची. म्हणून ही तीन नावं वर कशी येतात आणि त्यात गिऱ्हाइकाने लिहिलेल्या चार ओळींचा वाटा किती, हे नीट समजून घ्यायला हवं.

स्थानिक शोधाचा क्रम लावताना आपण मुख्यतः तीन गोष्टी पाहतो, असं गूगलने स्वतः सांगितलं आहे. पहिली, शोधलेल्या शब्दांशी तुमचा व्यवसाय किती जुळतो. दुसरी, शोधणाऱ्यापासून तुम्ही किती अंतरावर आहात. तिसरी, तुमचा नावलौकिक. अंतर तुमच्या हातात नाही. द्वारका चौकातलं दुकान केवळ शोधासाठी देवळालीला हलवता येत नाही. जुळणं मात्र बरंचसं हातात आहे. गूगल बिझनेस प्रोफाइलवर व्यवसायाचा प्रकार बरोबर निवडलेला हवा, वेळा खऱ्या हव्यात, पत्ता आणि नकाशावरची खूण जिथल्या तिथे हवी. हे प्रोफाइल फुकट असतं. ‘पैसे भरा, नाहीतर तुमचं दुकान नकाशावरून जाईल’ असा फोन आला तर खुशाल ठेवून द्या.

अभिप्रायांचं काम तिसऱ्या गोष्टीत आहे. जास्त अभिप्राय आणि चांगलं रेटिंग यांनी क्रम सुधारू शकतो, असं गूगलची मदतपानं म्हणतात. ताजेपणाला किती वजन, हे गूगलने जाहीर केलेलं नाही. त्यामुळे ‘दर आठवड्याला इतके आणा, वर नेऊन ठेवतो’ असं छातीठोक सांगणाऱ्यावर विसंबू नका. पण ताजेपणा महत्त्वाचा आहे तो वाचणाऱ्यासाठी. प्रत्येक अभिप्रायाशेजारी तो किती दिवसांपूर्वीचा आहे ते लिहिलेलं असतं आणि सर्वांत नवे आधी वाचण्याची सोयही असते. दोन वर्षांपूर्वी कुणी ‘रस्सा अप्रतिम’ लिहिलं असेल, तर वाचणाऱ्याच्या मनात लगेच शंका येते. आचारी तोच आहे का? भाव तेच आहेत का? मुळात दुकान चालू तरी आहे का? मागच्या आठवड्यातली साधी एक ओळ या तिन्ही शंका मिटवते.

अभिप्रायातले शब्दही उपयोगी पडतात. शोधाच्या निकालात दुकानाच्या नावाखाली कधी कधी एखाद्या गिऱ्हाइकाचं वाक्यच दिसतं. ‘आजोबांना उपचार नीट समजावले’ किंवा ‘पार्किंगला भरपूर जागा’ असं कुणी लिहिलेलं असेल आणि नेमकं तेच कुणी शोधत असेल, तर हे वाक्य कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त बोलतं. नुसते पाच तारे हे करू शकत नाहीत. आणि भाषेची अडचण मानू नका. मराठीत लिहिलेलं गूगल दुसऱ्याला त्याच्या भाषेत भाषांतर करून दाखवतं. सुरतहून आलेलं कुटुंब गुजरातीत लिहील, तेही चालतं. गिऱ्हाइकाला ज्या भाषेत मोकळं वाटतं त्या भाषेत लिहू द्यावं, मजकूर आपोआप भरघोस येतो.

आता थोडा हिशेब. समजा तुमचे दहाच अभिप्राय आहेत आणि सरासरी ४.५ आहे. एकाने रागाने एक तारा दिला, की सरासरी ४.२ वर येते. चाळीस अभिप्राय असतील तर तोच एक तारा तुम्हाला ४.४ वर आणतो. दोनशे असतील तर दिसणारा आकडा ४.५ चा ४.५ राहतो. एखाद्या वाईट दिवसाची भीती वाटत असेल तर तिच्यावर इलाज हाच आहे, बाकीच्या चांगल्या दिवसांची नोंद होत राहणं. आठवड्याला फक्त दोन अभिप्राय आले तरी वर्षाला शंभरच्या वर जातात.

हे दोन येतात कुठून? समाधानी माणूस सहसा आपणहून लिहीत नाही. तो पैसे देतो, ‘छान होतं’ म्हणतो आणि निघतो. चिडलेला माणूस मात्र पार्किंगमध्येच फोन काढतो. म्हणून विचारावं लागतं आणि ते रोजच्या कामाचा भाग म्हणून विचारावं लागतं. मोहीम काढून नव्हे. महिनाभर सगळ्यांच्या मागे लागायचं आणि मग वर्षभर विसरून जायचं, याने शेवटी जुने अभिप्रायच शिल्लक राहतात.

विचारण्याची वेळ धंद्यागणिक वेगळी. मिसळीच्या ठिकाणी ती हात धुऊन गल्ल्यापाशी येतानाची. प्रोफाइलमधून अभिप्रायाची लिंक आणि क्यूआर कोड दोन्ही काढता येतात. तो कोड छापून लावा, पण पैसे भरायच्या कोडला चिकटून नको. माणूस घाईत चुकीचा कोड स्कॅन करतो आणि मग दोन्हीकडे गोंधळ. पानाच्या वाटीजवळ किंवा बडीशेपेच्या डबीजवळ वेगळ्या रंगाचं छोटं कार्ड ठेवलेलं बरं.

गॅरेजची गोष्ट वेगळी. गाडी ताब्यात देतानाच काम कसं झालं हे गिऱ्हाइकाला कळत नाही, दोन दिवस चालवल्यावर कळतं. म्हणून तिथे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर एक निरोप पुरतो: ‘नमस्कार दादा, परवा गाडीचं सर्व्हिसिंग केलं. आता कशी चालते? काही राहिलं असेल तर सांगा, करून देतो. आणि काम कसं वाटलं ते इथे दोन ओळींत लिहिलंत तर नव्या लोकांना उपयोग होईल.’ खाली लिंक. यात पहिला प्रश्न खरा असायला हवा. गाडी अजून आवाज करत असेल आणि तुम्ही ते ऐकून घेतलंत, तर अभिप्राय नाही आला तरी गिऱ्हाईक टिकतं. एकदाच विचारा. दुसऱ्यांदा आठवण केली की माणूस अवघडतो.

लिहायला गूगलचं खातं लागतं आणि काही वयस्कर मंडळींकडे ते नसतं. अशा वेळी त्यांचा फोन हातात घेऊन आपणच लिहून देण्याचा मोह होतो. तो आवरावा. त्यांचं कौतुक तोंडी ऐकून घ्यावं, तेवढं पुरे.

इथून पुढचं जरा ठासून सांगतो, कारण चांगली माणसं इथेच घसरतात. अभिप्रायाच्या बदल्यात सूट, मोफत ताक किंवा जिलेबी देणं गूगलच्या नियमात बसत नाही. खूश दिसणाऱ्यांनाच लिंक द्यायची आणि नाराजांना गाळायचं, हेही बसत नाही. विचारायचं तर सगळ्यांना. घरच्यांनी, कामगारांनी लिहिलेले किंवा विकत घेतलेले अभिप्राय तर उघड खोटेच. ते सापडले तर गूगल ते काढून टाकतं, काही काळ नवे अभिप्राय घेणं बंद करू शकतं आणि या ठिकाणचे खोटे अभिप्राय काढले आहेत असा इशारा तुमच्याच पानावर लावू शकतं. वर्षानुवर्षं सचोटीने धंदा केलेल्या माणसाच्या नावाखाली अशी पाटी लागणं किती जिव्हारी लागेल, याचा विचार करा. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने २०२२ च्या नोव्हेंबरात ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक आणलं. ते ऐच्छिक आहे. पण ऑनलाइन बाजारपेठेवर माल विकणाऱ्याने ग्राहक असल्याचं भासवून स्वतःच्या मालाबद्दल लिहू नये, हे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतच आहे.

नाशिकमध्ये गिऱ्हाईक वर्षभर सारखं नसतं. श्रावणातल्या सोमवारी त्र्यंबकच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, द्राक्षांच्या हंगामात वायनरीच्या बाजूला गर्दी. तेव्हा अभिप्रायही भराभर येणार, पुढे ओसरणार. हा खरा चढउतार आहे, त्याची काळजी नको. ओसरत्या काळात येणाऱ्या गावातल्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला विचारायला मात्र आपण हटकून विसरतो. पंधरा वर्षं येणाऱ्या काकूंना ‘तुम्ही लिहाल का?’ असं कुणी विचारलेलंच नसतं. आणि त्या लिहितात तेव्हा इतरांना न सुचणारं लिहितात.

आलेल्या प्रत्येक अभिप्रायाला उत्तर द्यावं. चांगल्याला एक ओळ पुरते, फक्त सगळ्यांना तीच ओळ चिकटवू नये. वाईटाला उत्तर देताना लक्षात ठेवावं की ते वाचणारा बहुधा तिसराच कुणीतरी आहे, उद्या यायचं की नाही ते ठरवणारा. समजा कुणी लिहिलं, ‘पाऊण तास थांबलो, मिसळ गार’. तर उत्तर असं: ‘रविवारी अकराच्या सुमारास गर्दी खूप होते हे खरं. तुम्हाला थांबावं लागलं आणि गार मिळालं, ही आमची चूक. आता त्या वेळेला वाढपी वाढवले आहेत.’ वाढपी खरोखर वाढवले असतील तरच हे शेवटचं वाक्य. डॉक्टरांनी उत्तरात रुग्णाच्या आजाराचा उल्लेख कधीच करू नये, रुग्णाने स्वतः लिहिला असला तरी. उत्तर दिल्याचं लिहिणाऱ्याला गूगल कळवतं, त्याला आपला अभिप्राय बदलताही येतो आणि काही जण बदलतात. निव्वळ शिवीगाळ किंवा दुसऱ्याच दुकानाबद्दलचा मजकूर असेल तर तक्रार करण्याची सोय आहे. फक्त ‘मला पटत नाही’ एवढ्यावर गूगल काढत नाही.

जाहीर वेळापत्रकानुसार नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे. रामकुंडाच्या आसपासचे रस्ते तेव्हा बंद असतील, वेळा बदलतील, आणि नाशिक कधीच न पाहिलेली माणसं फोन हातात घेऊन जेवणाची, राहण्याची, औषधांची दुकानं शोधतील. त्या दिवसांत प्रोफाइलवर खास वेळा टाका आणि ‘पंचवटीकडून पायी कसं यायचं’ हे लिहून फोटो जोडा. अभिप्राय मागायला मात्र ध्वजारोहणाची वाट पाहू नका. आज जो माणूस गल्ल्यापाशी उभा आहे, त्याच्यापासून सुरुवात करा.