निर्णयसागरचे वळण

देवनागरीच्या छापील अक्षराला आज जे गोलसर, भरदार मराठी वळण दिसते, ते रूढ करण्यात जावजी दादाजी चौधरी (१८३९–१८९२) यांच्या निर्णयसागर छापखान्याचा वाटा फार मोठा आहे. गिरगावाला लागून असलेल्या काळबादेवीच्या कोलभाट गल्लीतून या छापखान्याची पुस्तके देशभर गेली.

मुंबईत मराठी छपाई रुजवली ती अमेरिकन मिशनच्या छापखान्याने. तेथे टॉमस ग्रॅहॅम यांनी देवनागरी खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरे, सुधारले. तेथेच काम शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग छापले आणि पुढे स्वतःचे खिळेही पाडले. जावजींनीही लहान वयात याच मिशनच्या छापखान्यात नोकरी धरली. १८६४ मध्ये त्यांनी टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये छापखाना.

खिळा घडवताना आधी पोलादाच्या टोकावर उलटे अक्षर कोरतात, तो ठसा तांब्यात ठोकून साचा करतात आणि साच्यात शिशाचा मिश्रधातू ओततात. रोमन लिपीला थोडे खिळे पुरतात. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरे यांमुळे ती संख्या शेकड्यांत जाते. शिरोरेषा जराशी वरखाली झाली तरी ओळ तुटते. निर्णयसागरच्या अक्षरांचे सौष्ठव राणोजी रावजी आरू यांच्या हातातून उतरले. जावजींना लाभलेले ते असामान्य कारागीर होते.

या टाइपाचा कस लागला संस्कृत ग्रंथांत. १८८६ पासून निघालेल्या ‘काव्यमाला’सारख्या ग्रंथमालेत मूळ श्लोक मोठ्या टाइपात, टीका लहान टाइपात आणि पाठभेद तळाला अशी मांडणी असे. त्यासाठी एकाच वळणाचे लहानमोठे टाइप लागत. निर्दोष मुद्रितशोधनामुळे पंडितांचा या पुस्तकांवर विश्वास बसला आणि पुस्तकांबरोबर ही अक्षरेही सर्वदूर पोचली.

अक्षरांचा असा प्रसार युरोपातही झाला होता. सोळाव्या शतकात पॅरिसच्या क्लोद गारामोंने कोरलेल्या अक्षरांनी फ्रेंच छपाईचे रूप ठरवले. १५६१ मध्ये तो वारल्यावर त्याचे ठसे आणि साचे विकले गेले, अँटवर्पच्या प्लांतँसारख्या मुद्रकांकडे पोचले आणि ते वळण युरोपभर पसरले. मुंबईच्या टाइपानेही असाच प्रवास केला. उत्तरेकडे अ, झ आणि ण ही अक्षरे वेगळ्या रूपांत छापली जात. कालांतराने तेथेही मुंबईची रूपे रुळली आणि हिंदीच्या प्रमाणित वर्णमालेतही तीच स्वीकारली गेली.