खात्यात पैसे आहेत, तरी चेक परत का आला?

एका सहकारी बँकेच्या क्लिअरिंगच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली. तिथे सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य हे: "अहो, खात्यात पैसे आहेत की! मग चेक परत जाईलच कसा?" एकदा एक निवृत्त मास्तर असेच पासबुक नाचवत आले. सोसायटीच्या दुरुस्ती निधीला दिलेला १८,००० रुपयांचा चेक परत गेला होता आणि पासबुकात शिल्लक होती तीन लाखांच्या वर. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. एका बाजूला चेकची प्रतिमा, दुसऱ्या बाजूला पंचवीस वर्षांपूर्वी दिलेली नमुना सही. नमुन्यात पूर्ण आडनाव आणि शेवटी झोकदार शेपूट. चेकवर नुसती आद्याक्षरं आणि एक थरथरती रेघ. मास्तर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हा तर दुसराच माणूस दिसतोय."

चेक बाउन्स म्हणजे खात्यात खडखडाट, हा पहिला आणि सगळ्यात पक्का गैरसमज. शिल्लक भरपूर असली तरी सही जुळत नाही, तारीख उलटून गेलेली असते, अंकातली आणि अक्षरातली रक्कम वेगळी असते, म्हणून चेक परत येतात. तारखेचं तर बऱ्याच जणांच्या डोक्यात अजून सहा महिन्यांचं गणित आहे. १ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत तीनच महिने आहे, चेकवरच्या तारखेपासून मोजायची.

"खाडाखोड झाली तर बाजूला सही करायची, चालतं." चालायचं, पूर्वी. आता चेकचा कागद बँकेबँकेत फिरत नाही, त्याची प्रतिमा जाते. त्या पद्धतीत नाव किंवा रक्कम खोडून दुरुस्त केलेला चेक घेतला जात नाही, शेजारी चार सह्या ठोकल्या तरी. मुदत वाढवण्यासाठी तारखेत केलेला बदल तेवढा अपवाद. चूक झाली की तो चेक फाडा आणि नवा लिहा.

उलट, जे चालतं त्याचीच लोकांना धास्ती. मराठीत लिहिलेला चेक महाराष्ट्रात बिनदिक्कत चालतो. हिंदी, इंग्रजी किंवा त्या राज्याची भाषा, तिन्हींना रिझर्व्ह बँकेची मुभा आहे. इतकंच काय, राष्ट्रीय शक दिनदर्शिकेप्रमाणे घातलेली तारीखही बँकेने मान्य करायची असते. (माझ्या टेबलावर असा चेक एकदाच आला आणि अख्खी शाखा तो बघायला जमली.) काळ्या शाईचा चेक चालत नाही, ही नुसती व्हॉट्सॲपवरची आवई.

आता शिल्लकेचं. पासबुकात दिसते ती सगळीच रक्कम खर्चायला मोकळी असते असं नाही. तुम्ही भरलेला दुसऱ्याचा चेक अजून वटायचा असतो, आयपीओच्या अर्जापोटी पैसे अडकवलेले असतात, किंवा नेमका त्याच सकाळी कर्जाचा हप्ता आपोआप वळता होतो. चेक लिहिण्याआधी 'उपलब्ध शिल्लक' बघा.

"आज चेक देऊन टाकू, दोन दिवसांत पैसे भरू" हा हिशेब तर आता साफ मोडलाय. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक गठ्ठ्याने जात नाहीत. दिवसाच्या ठरलेल्या वेळात ते भरले जातील तसे सतत पुढे जातात आणि पैसे देणाऱ्या बँकेला त्याच संध्याकाळी ७ पर्यंत हो किंवा नाही कळवावं लागतं. मधली फट बुजली. पैसे आधी, चेक नंतर. मोठ्या रकमेचा चेक असेल तर आणखी एक काम: ५०,००० आणि त्यावरच्या चेकसाठी पॉझिटिव्ह पेची सोय आहे, म्हणजे नंबर, तारीख, नाव, रक्कम बँकेला आधीच कळवायची. ५ लाखांपासून पुढे बँक ते सक्तीचंही करू शकते.

कायद्याबाबत लोक दोन टोकांना असतात. काहींना वाटतं, चेक परत गेला की पोलीस दारात. तसं नाही. चलनक्षम दस्तऐवज कायदा १८८१ चा, त्यात कलम १३८ लागू झालं १९८९ मध्ये. चेक घेणाऱ्याने बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत तुम्ही पैसे द्यायचे. ते दिलेत तर गुन्हाच होत नाही. नाही दिलेत, तर पुढच्या महिन्याभरात तक्रार थेट मॅजिस्ट्रेटपुढे जाते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही.

दुसरं टोक जास्त महागात पडतं: "स्टॉप पेमेंट केलं की सुटलो", "सही मुद्दाम वेगळी केली", "खातंच बंद केलं". या तिन्ही वाटा सर्वोच्च न्यायालयाने बंद केल्यात. त्यामुळे १३८ टळत नाही. स्टॉप पेमेंटला खरंच रास्त कारण असेल तर ते न्यायालयात तुम्हाला सिद्ध करावं लागतं. सावकाराला किंवा व्यापाऱ्याला 'नुसता सिक्युरिटी म्हणून' सही करून दिलेला कोरा चेक? त्यावर रक्कम दुसऱ्याने भरली तरी जबाबदारी सही करणाऱ्याचीच धरली जाते, हे २०१९ मध्ये स्पष्ट झालं. देणं नव्हतंच, हे दाखवण्याचा भार तुमच्यावर. एक मात्र खरं, जोडखात्यात ज्याची सही चेकवर नाही त्याला यात ओढता येत नाही.

खात्यातून आपोआप वळत्या होणाऱ्या हप्त्याचा नॅच परत गेला तर 'तो काय चेक थोडाच' म्हणून निवांत राहू नका. २००७ च्या पेमेंट सिस्टिम्स कायद्यात त्यालाही तशीच तरतूद आहे. वर हप्ता थकला की सिबिलमध्ये नोंद होते. किराणावाल्याला दिलेला चेक परत गेला तर तिथे काही उमटत नाही.

मास्तरांनी त्याच दिवशी सहीचा नवा नमुना दिला. परत आलेला चेक बाद झाला असं समजून ते नवा लिहायला बसले होते, त्यांना थांबवलं, कारण मुदतीत तोच चेक पुन्हा लावता येतो. सोसायटीने लावला, वटला. सोसायटीच्या खात्याला पडलेला रिटर्न चार्जचा भुर्दंड मास्तरांनी खजिनदाराच्या हातात रोख ठेवला, पावतीसकट.